व्हायोलिनवाल्यांचा इतिहास

हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहास आपल्याकडे नावांच्या यादीनं सांगतात. संगीतकार अमुक, गायिका तमुक, फार तर गीतकार कोण ते. रेडिओच्या निवेदकानंही वर्षानुवर्षं तेवढंच सांगितलं. पण गाणं सुरू होतं तेव्हा गायिका बहुतेक वेळा गप्प असते. आधी व्हायोलिनं उठतात, मध्येच एखादा ट्रम्पेट डोकावतो आणि मग कुठं पहिला शब्द येतो. ही व्हायोलिनं कोण वाजवत होतं? त्यांनी काय वाजवायचं हे कोण ठरवत होतं?

हा साधा प्रश्न घेऊन ग्रेगरी बूथ हे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे संगीत-अभ्यासक मुंबईत वादकांच्या घरोघरी हिंडले. त्याआधी त्यांनी आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवाल्यांवर पुस्तक लिहिलं होतं, म्हणजे बिननावाच्या वादकांशी बोलायची सवय त्यांना होतीच. २००८ साली त्यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक आलं. त्याच्या प्रास्ताविकाचं शीर्षकच एक प्रश्न आहे : अँथनी गोन्साल्विस कोण?

आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे ठाऊक. अमिताभ बच्चनच्या पात्राचं नाव, एवढंच. पण हा माणूस खरा होता. गोव्यातल्या माजोर्डा गावचा, १९२७ सालचा जन्म. पोरवयात मुंबईला आला, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, पुढं संगीत-संयोजक झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गुरूचं नाव गाण्यात आणलं ते प्यारेलाल यांनी. १९५८ साली गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, आपल्या रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या. त्यानंतर काही वर्षांनी ते अमेरिकेला गेले आणि चित्रपटसृष्टीतून बाहेरच पडले. नाव देशभर झालं आणि माणूस मात्र कोणाला माहीत नाही, असा हा प्रकार.

गोव्याचेच वादक इतके का, याचं उत्तर शोधायला मागं जावं लागतं. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना गायन-वादन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. गावातला गरीब पोरगाही कागदावरचे सूर वाचू शकायचा. गोव्यात त्या विद्येला पोटापुरतं काम नव्हतं. म्हणून ही मुलं मुंबईला जात. आमच्या बेळगावकरांना हा रस्ता परका नाही. मुरगावहून घाट चढून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज असा रेल्वेचा मार्ग होता. मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडा’त स्वस्तात राहायचं आणि हॉटेलांतल्या, क्लबांतल्या बँडमध्ये वाजवायचं. मग इंग्रज गेले, संस्थानिकांचा थाट गेला, १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा आला. नाचगाण्याच्या रात्री ओसरल्या. नेमक्या त्याच सुमाराला चित्रपटाला मोठा वाद्यवृंद हवासा झाला होता.

मोठा वाद्यवृंद म्हणजे काय, हे जरा नीट समजून घेऊ. आपलं संगीत एका गळ्याचं, एका सुराच्या ओळीचं. साथीला बसलेला सारंगीवाला कानानं गायकाच्या मागं जातो. पण वीस व्हायोलिनं कानानं मागं गेली तर नुसता गोंगाट होईल. प्रत्येकासमोर कागद हवा आणि तो कागद लिहिणारा हवा. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. तिला आधी-मध्ये काय जोडायचं, कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं, हे संयोजक लिहून काढायचा. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हे काम केलं. सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट होते. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. गोव्याचेच फ्रँक फर्नांड यांनी या धंद्यात राहून पुढं ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपटही काढले.

ताडदेवच्या, वांद्र्याच्या स्टुडिओत गायिका आणि सगळे वादक एकाच वेळी ध्वनिमुद्रण करत. एकाचा हात चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला यातलं एक चित्र फार मोलाचं वाटतं. माइकसमोर मंगेशीच्या दीनानाथांची लेक, आणि मागं माजोर्डा, हळदोण्याची माणसं. देवळाजवळ वाढलेलं गाणं आणि चर्चमध्ये शिकलेलं वादन. गोव्यातल्या गोव्यात या दोन परंपरा एका बैठकीत क्वचितच बसल्या असतील. मुंबईत त्या रोज शेजारी बसल्या.

मग गाणं कोणाचं? इथं बूथ घाई करत नाहीत, हे मला आवडलं. संगीतकारांनी चोरी केली आणि खरे कर्ते हेच, असा सोपा निवाडा ते देत नाहीत. चाल संगीतकाराचीच होती. पण आपल्या कानात आज जे उरलंय, त्यात चालीइतकाच तिच्या भोवतीचा साजही आहे. साज घडवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळाली आणि नाव मिळालं नाही, एवढंच त्यांना दाखवायचं आहे. माझ्या मते तेवढं पुरे आहे. जुन्या भांडारांतल्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर नकलून काढणाऱ्याचं नाव सापडतं. तीन तासांच्या चित्रपटात व्हायोलिनवाल्याला तेवढीही जागा नव्हती.

या कामात अडचण आहेच. कागदपत्रं थोडी, म्हणून भिस्त आठवणींवर. म्हातारपणी माणूस साल चुकवतो, आपला वाटा थोडा वाढवूनही सांगतो. बूथ एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी ताडून बघतात. वादकांच्या या गर्दीत बायका अगदी तुरळक दिसतात, हेही नजरेआड करता येत नाही. रात्री उशिरा परतणाऱ्या वादकाचं घर ज्यांनी सांभाळलं, त्यांचं पुस्तक अजून कोणी लिहायचंय.

पण वेळ साधली गेली, हे महत्त्वाचं. सॅक्सोफोनचे मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये, केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये. त्याआधीच १९९०च्या दशकात संगणक आणि सिंथेसायझर आले होते आणि वादकांनी भरलेले ते हॉल रिकामे होऊ लागले होते. दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायचं कोणाला?

आमच्या भागात संगीत नाटकांच्या कंपन्या मुक्काम करत, कोल्हापुरात चित्रपट निघत. तिथं ऑर्गनवर कोण बसायचं, तबल्यावर कोण, हे सांगू शकणारी माणसं आता मोजकीच असतील. त्यासाठी ऑकलंडहून कोणी यायची वाट बघू नये. वही-पेन घेऊन आपणच जावं.