ओली काच, कोरडी काच

लेकराच्या मांडीतली गाठ घेऊन बालाघाट-गडचिरोलीकडची माणसं नागपुरात उतरली की ऑटोवाल्याला एकच शब्द सांगत, "मेडिकल." म्हणजे १९४७ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मी तिथली नव्हे. शहरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाच्या काचा रंगवल्या.

गाठीत सुई घालून पेशी ओढायची रीत न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी १९३० साली मांडली. त्यांची सुई १८ नंबरची, जाडजूड. बारीक सुई रुळवली ती पुढे स्टॉकहोमवाल्यांनी. ते पेशी पसरलेली काच हवेत सुकवून मे-ग्रुनवाल्ड-गिम्सानं रंगवत. पापानिकोलाऊंच्या रीतीत मात्र काच ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायची. आम्ही दोन्ही करायचो, आणि नागपूरची हवा दोन्हींच्या मुळावर. उन्हाळ्यात ओली काच बरणीपर्यंत जाईस्तोवर सुकायची आणि पेशीचं केंद्रक फुगून पुसट व्हायचं. जुलैत सुकवायची काच सुकता सुकत नसे. म्हणून उन्हाळ्यात उघडी बरणी खाटेशीच ठेवायची आणि पावसाळ्यात टेबलफॅन लावायचा.

एवढा जीव टाकायचा कारण लेकरांच्या गाठी फसव्या. रॅब्डोमायोसार्कोमा, युइंग, न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा, काचेवर सगळे सारखेच: निळे, गोल, बारीक दाणे, मोहरी सांडावी तसे. डॉक्टर त्यांत शेपटीवाली पेशी शोधत, गुलाबी अंगाची, बेडकाच्या पिलासारखी. ती सापडली की रॅब्डो, म्हणजे स्नायूच्या जातीचा कर्करोग. दाणे कडं करून बसलेले दिसले की न्यूरोब्लास्टोमाचा संशय. युइंगच्या पेशीतल्या ग्लायकोजनला पीएएसचा किरमिजी रंग चढे, पण तो रॅब्डोतही चढतो, त्यामुळे भरवसा धरता येत नसे. पुढे डेस्मिन, मायोजेनिन या स्नायूतल्या प्रथिनांच्या चाचण्या आल्या आणि वाद कमी झाले. पण पेशीच धड नसतील तर त्या तरी काय करणार?

भूल नाही, टाका नाही, तरी आया घाबरत. "सुईनं गाठ पसरंन का, बाई?" हा प्रश्न ठरलेला.

एका पावसाळ्यात वीज गेली होती. पंखा बंद, म्हणून मी केसपेपरनं काचेवर वारा घालत उभी होते. खाटेवर चार वर्षांचा पोरगा, रडून थकलेला. त्याची माय बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "राहू द्या बाई, दमल्या असान. आता नाही त्याले गरमत."