गाणं कोणाच्या मर्जीने वाजतं?



गटाच्या बैठकीत हिशेब संपला की कुणीतरी मोबाईलवर गाणं लावतं. गाना, जिओसावन, स्पॉटिफाय ही नावं आता आपल्यालाही पाठ झाली आहेत. गाणी पुरवणाऱ्या अशा सेवा बऱ्याच निघाल्या. काही लोकांना आवडल्या, काहींकडे लोकांनी पाठ फिरवली. असं का होतं? हे समजायला सत्तर वर्षं मागे जावं लागेल, कारण हाच प्रश्न तेव्हा रेडिओपुढे उभा राहिला होता.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची आवड बिघडते, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी कमी होत होत जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. राजेरजवाड्यांच्या दरबारातलं गाणं सामान्य माणसाच्या घरी पोचलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण ऐकणाऱ्याला काय हवं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

लोकांनी मोर्चा काढला नाही की भांडण केलं नाही. त्यांनी फक्त रेडिओचा काटा फिरवला. समुद्रापलीकडे सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं ताकदीचं प्रक्षेपण केंद्र तिथे होतं. रेडिओ सिलोनवरून हिंदी गाणी आपल्याकडे चांगली ऐकू येत. १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी बोलायचे ते साध्या हिंदीत, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. ऐकणारे पत्रं पाठवत, आपली पसंती कळवत. कोणतं गाणं पुढे गेलं, कोणतं मागे पडलं, याची वाट बघत लोक दर बुधवारी रात्री रेडिओपाशी बसू लागले.

अखेर सरकारलाही वळावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा मंत्री केसकरच होते. मग फर्माईशी आल्या. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, खाली आपलं आणि घरच्यांची नावं. आताच्या झारखंडातलं झुमरी तलैया हे गाव तर निव्वळ फर्माईशींमुळे देशभर माहीत झालं. गाणं तेच असे, पण आधी आपलं नाव ऐकू आलं की ते आपल्यासाठी वाजल्यासारखं वाटे.

याचा अर्थ लोकांना फक्त सिनेमाचीच गाणी हवी होती, असं नाही. याच काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ केलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. १ एप्रिल १९५५, रामनवमीला, पहिलं गाणं लागलं आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. त्याची मांडणी बघा. वार आणि वेळ ठरलेली. शुक्रवारी सकाळी नवीन गाणं, तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. एक दिवस कामात चुकलं तरी हातचं जात नसे. लोकांनी मागणी केली म्हणून पुण्याच्या वर्तमानपत्रांनी गाण्याचे शब्दही छापायला सुरुवात केली. कथा सगळ्यांच्या ओळखीची, भाषा आपली. सिनेमाशिवायही घरोघर रेडिओ लागले.

आपल्या रत्नागिरीत आकाशवाणीचं केंद्र १९७७ साली आलं आणि कोकणचा आवाज रेडिओवर येऊ लागला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. आता गाण्याची वेळही आपल्या हातात आली. हवं तेव्हा लावा, हवं तितक्यांदा लावा.

मग मोबाईल. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि सगळं खिशात आलं. पण जुन्या गोष्टी बघितल्या तर यश मिळवून देणारी कारणं बदललेली नाहीत. आवाज स्पष्ट हवा. खिशाला परवडायला हवं. आपल्या भाषेत हवं. कामाच्या वेळेत बसायला हवं. आणि आपली फर्माईश कुणीतरी ऐकायला हवी.

आता ही फर्माईश पोस्टकार्डावर जात नाही. तुम्ही कोणतं गाणं पूर्ण ऐकलं, कोणतं मध्येच सोडलं, कोणतं परत लावलं, याची नोंद मोबाईलमधली सेवा ठेवते आणि त्यावरून पुढचं गाणं सुचवते. इथेच आपण बायकांनी थोडं थांबून बघायचं आहे. बऱ्याच घरांत फोन एक आणि हात चार. दिवसभर फोन मुलाच्या किंवा मालकांच्या हातात. मग नोंद कुणाच्या आवडीची होते? त्यांच्याच. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आपण गाणं लावलं तर त्यांच्याच आवडीचं पुढे येतं, आणि आपल्याला वाटतं, आपल्यासाठी इथे काही नाहीच.

तसं नाही. जात्यावरच्या ओव्याच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या बायकांच्या आवाजात फुकट ऐकता येतात. आपल्या आज्यांचं गाणं तिथे आहे, पण ते मागितल्याशिवाय पुढे येणार नाही.

म्हणून तीन कामं करा. लिहायला जमत नसेल तर माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोला: ‘गौरीची गाणी’, ‘जाखडी’, ‘ओव्या’. आवडलेलं गाणं अर्ध्यावर सोडू नका, पूर्ण ऐका. आणि जिथे रेंज असते तिथे ते फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे वाडीत रेंज नसली तरी वाजेल. त्याला पैसे लागतात का, हे मात्र आधी वाचून घ्या.

सत्तर वर्षांपूर्वी ऐकणाऱ्यांनी नुसता काटा फिरवला आणि दिल्लीला आपलं धोरण बदलावं लागलं. आज तो काटा आपल्या बोटाखाली आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या आवडीचं एक गाणं स्वतः शोधून लावायचं, असं ठरवूया.