कूर्चेची वाट

घाटीत, म्हणजे 1956 साली सुरू झालेल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मी मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चा दाखवत आले. निळसर पसारा, खोबणींत बसलेल्या तुरळक पेशी, रक्तवाहिनी एकही नाही. एकदा नासलेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटरने 1743 मध्येच लंडनला मांडलं होतं.

स्वीडनमध्ये 23 रुग्णांच्या गुडघ्यांत त्यांच्याच, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चापेशी सोडल्या गेल्या; तो अहवाल 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. 1998 मध्ये संशोधक जॉनस्टोन व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींची गोळी करून टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक दिला आणि कूर्चा तयार झाली. पाठोपाठ उंदरांत दिसलं, की सॉक्स-9 जनुकाशिवाय पेशी कूर्चेच्या वाटेला लागतच नाही.

मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. मूळपेशींपासून घडलेल्या या पेशी कूर्चा होऊन थांबत नाहीत. फुगतात, दहाव्या प्रकारचं कोलॅजन बनवतात आणि हाडाकडे वळतात. वाढत्या मुलाचं हाड याच वाटेनं लांब होतं. गुडघ्यात मात्र तीच वाट अडवायला हवी.

कूर्चापेशींचे उपचार मुख्यतः तरुण रुग्णाच्या कूर्चेतल्या लहानशा खड्ड्यासाठी आहेत. मराठवाड्यातल्या शेतात उभं आयुष्य वाकून काम केलेल्या आजींचा अख्खा सांधाच झिजलेला असतो. त्यांच्यासाठी हे संशोधन लवकर पुढं जावं, ही माझी तळमळ आहे.