बांधाची उंची : स्मृती, संभाव्यता आणि पुनर्विचार

अभियांत्रिकीचा इतिहास लिहिताना वास्तूंचे वर्णन करण्याकडेच आपला कल असतो. धरण किती लांब, दरवाजे किती, खर्च किती झाला, ह्यांच्या नोंदी विपुल मिळतात. परंतु वास्तूची उंची कशाच्या आधारे ठरली, ह्याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः भविष्याकडे पाहण्याची त्या समाजाची रीत त्याच एका आकड्यात साठविलेली असते. प्रस्तुत लेखात नेदरलँड्समधील बांधांच्या आधारे ह्या आकड्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. शतकानुशतके तेथील बांधाची उंची स्मृतीने ठरत असे. ज्ञात असलेल्या सर्वांत उंच पाण्याहून बांध थोडा उंच ठेवावयाचा, हा सर्वमान्य नियम होता. जे आजवर घडले नाही ते पुढेही घडणार नाही, हे त्यातील अव्यक्त गृहीत होय. सरकारी जलखात्यातील अभियंते योहान व्हान वेन ह्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच नैर्ऋत्येकडील बांध अपुरे असल्याचे दाखवून दिले होते. तथापि त्या इशाऱ्यास अनुरूप अशी कृती वेळेवर झाली नाही. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने भरतीचे पाणी लोटले, हूक व्हान हॉलंड येथे ते प्रमाणपातळीच्या वर ३·८५ मीटरपर्यंत चढले, आणि १ फेब्रुवारीच्या पहाटे बांध फुटत गेले. १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली.

त्याच महिन्यात नेमलेल्या डेल्टा आयोगाचे महत्त्व त्याने सुचविलेल्या बांधकामांइतकेच त्याने स्वीकारलेल्या मोजमापात आहे. आयोगास गणिताचे साहाय्य देणाऱ्या डाव्हिट व्हान डान्त्सिख ह्यांनी प्रश्न निराळ्या रीतीने मांडला : बांध उंचावण्याचा खर्च आणि तो फुटल्यास होणारी संभाव्य हानी ह्यांचा मेळ कोठे बसतो? परिणामी मध्य हॉलंडसाठी, कोणत्याही एका वर्षी ओलांडली जाण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे अशी पातळी प्रमाण मानण्यात आली. हूक व्हान हॉलंड येथे ती ५ मीटर ठरली. स्मृतीची जागा संभाव्यतेने घेतली. १९५८ च्या डेल्टा कायद्याखाली उभी राहिलेली कामे, १९८६ मध्ये पूर्ण झालेला ऑस्टरस्खेल्डचा ६२ दरवाजांचा अडसर आणि रॉटरडॅमच्या जलमार्गावरील १९९७ चा मास्लांट अडसर, ही ह्याच विचाराची दृश्य रूपे होत.

समुद्र हळूहळू चढतो व जमीन खचते, हे आयोगाच्या काळी अज्ञात नव्हते. पण ह्या चढण्याचा वेगच वाढत जाईल, हे त्या हिशेबात नव्हते. हवामानबदलाने नेमका हाच आधार काढून घेतला. मागील नोंदींवरून काढलेली शक्यता पुढील शतकास जशीच्या तशी लागू पडेनाशी झाली. २००८ मध्ये दुसऱ्या डेल्टा आयोगाने २१०० पर्यंत समुद्रपातळी ०·६५ ते १·३० मीटर चढू शकेल असे धरून चालण्यास सांगितले. येथे एका आकड्याऐवजी दोन आकडे आले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

नद्यांच्या बाबतीत हा बदल अधिक स्पष्ट दिसतो. १९९५ च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर बांध उंचावीत जाण्याऐवजी नदीस जागा देण्याचे धोरण पुढे आले. नायमेखेनसमोरील लेंट येथे बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला व नदीस उपप्रवाह खोदून दिला. त्यासाठी काही कुटुंबांना घरे सोडावी लागली, हेही विसरता कामा नये. डेल्टा कार्यक्रमातील मुख्य निर्णयांची आता दर सहा वर्षांनी फेरतपासणी होते. २०१७ पासून अमलात आलेल्या नियमांनी पाण्याच्या पातळीऐवजी व्यक्तीच्या जीविताचा धोका पायाभूत धरला. संभाव्यतेचे गणित टाकून दिलेले नाही. त्याचे उत्तर तेवढे कायमचे मानले जात नाही.

हा इतिहास आपणांस परका नाही. महाराष्ट्रात नदीकाठी निळी व तांबडी अशा दोन पूररेषा आखल्या जातात. सामान्यतः पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाषेच्या अभ्यासकास येथे 'एकदा' हा शब्द खटकतो. एकदा पूर येऊन गेला की पुढील शंभर वर्षे निर्धास्त, असा आश्वासक अर्थ त्यातून ध्वनित होतो. गणित मात्र एवढेच सांगते की प्रत्येक वर्षी शंभरांत एक शक्यता आहे. म्हणजे तीस वर्षे तांबड्या रेषेवर राहणाऱ्या कुटुंबास तो पूर पाहावा लागण्याची शक्यता चारांत एकाहून किंचित अधिक होते. निळ्या रेषेवर ती सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. हेही पर्जन्यमान पूर्वीसारखेच राहील असे धरून. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या रहिवाशांस त्या 'एकदा'वर विश्वास ठेवावयास सांगणे कठीण आहे.

म्हणून प्रत्येक पूररेषेसोबत ती कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून काढली आणि केव्हा पुन्हा तपासली जाणार, ह्या दोन गोष्टी नकाशावर छापल्या गेल्या पाहिजेत. नेदरलँड्सला हा धडा १,८३६ माणसे गमावल्यावर मिळाला; तो वाचून घेण्याची सवड आपणांस अद्याप आहे.