दहा रोपांचा शासननिर्णय आणि धुऱ्यावरची बाभूळ

कन्या वन समृद्धी योजनेचा शासननिर्णय जून २०१८ चा. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्मली की ग्रामपंचायतीत नाव नोंदवायचे, दहा खड्डे खणून ठेवायचे आणि पावसाळ्यात सामाजिक वनीकरणाकडून रोपे मोफत न्यायची. कोणती, तेही ठरलेले: साग पाच, आंबे दोन, फणस, जांभूळ व चिंच एकेक. योजना ग्रामपंचायतींपुरती; बडनेरा मात्र १९८३ पासून अमरावती महापालिकेत. म्हणजे योजना बडनेऱ्याला नव्हे, भोवतालच्या खेड्यांना. माती मात्र तीच काळी आणि ऊनही तेच. त्यात फणस! यादी सबंध राज्याला एकच केली, हे त्या एका रोपावरूनच ओळखावे.

वऱ्हाडचे जुने कागद वेगळ्याच झाडाचे नाव घेतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत इथल्या सपाटीवरच्या सरकारी बाभूळबनांच्या नोंदी आहेत. साग मेळघाटात, खालच्या काळ्या रानात जळण बाभळीचे, वखर बाभळीचा, गाडीचे चाकही बाभळीचेच. वनशास्त्रज्ञ ट्रूप यांच्या भारतीय वृक्षांवरच्या १९२१ च्या ग्रंथात वऱ्हाडात पिकाबरोबर बाभूळ ओळीने पेरण्याची रीत दिली आहे. सुरुवातीची वर्षे ओळींच्या मधे पीक घ्यायचे, बाभूळ वाढली की नुसते बन राखायचे. बियाण्याचा तपशीलही आहे आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. बाभळीच्या बीचे कवच टणक, म्हणून शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते. शेंगा खाऊन शेळ्या रात्री वाड्यात बसतात. सकाळी लेंड्यांतून बी वेचून घ्यायचे. रोपवाटिका नको, पिशवी नको. अर्थात ही बने सरकारी होती, कास्तकाराच्या मालकीची नव्हेत, हा फरक विसरून चालणार नाही.

पुढे १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, १९८२ मध्ये राज्याचे सामाजिक वनीकरण खाते उभे राहिले, आणि खासगी शेतात झाड म्हणजे सरकारी पिशवीतले रोप हे समीकरण रुळले.

आता १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा शासननिर्णयाशेजारी ठेवून वाचावा. त्याच्या अनुसूचीतले झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच: मोफत मिळणारी पाचही झाडे त्या अनुसूचीत आहेत. बाभूळ तिथे नाही, आणि शासननिर्णयातही नाही. धुऱ्यावर ती आपोआप उगवते, म्हणून तिची मोजदाद कुणाला करावीशी वाटली नसावी. हा माझा तर्क.

झाडांचे उत्पन्न मुलीचे शिक्षण, रोजगार, लग्न यांसाठी वापरावे, असा योजनेचा हेतू. २०१८ च्या पावसाळ्यात लावलेला साग २०३६ मध्ये अठरा वर्षांचा होईल, मुलगीही तेवढीच. अठरा वर्षांच्या सागाला इमारती लाकडाचा भाव नसतो. तरीही बापाने तो विकायचे ठरवलेच, आणि तोवर कायदा असाच राहिला, तर त्याला आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागेल.