पान कोणी लिहायचे? एचटीएमएल-वेबपॅक-प्लगिनच्या जन्मामागची कथा

१/
१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले केले. तेव्हा एचटीएमएलचे पान हीच मूळ वस्तू होती. ते माणसाने रचायचे आणि ब्राउझरने दाखवायचे. पंचवीस वर्षांच्या आत तेच पान यंत्राकडून लिहून घेण्याची वेळ आली. या बदलाचे मूळ एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नात आहे: फाइलचे नाव काय?

२/
१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. पानात एक स्क्रिप्ट टॅग लिहावा, त्यात फाइलचे नाव द्यावे, एवढे पुरेसे असे. फाइली दोन-चार, त्यांची नावे कायमची.

३/
अडचण निर्माण झाली ती वेगाच्या हव्यासातून. एकदा उतरवलेली फाइल ब्राउझर स्वतःजवळ जपून ठेवतो. यालाच कॅशे म्हणतात. ही मुदत भविष्यात दूरवर ढकलावी, असा सल्ला याहूमधील स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात दिला. पाने झपाट्याने उघडू लागली खरी, पण सर्व्हरवर चूक दुरुस्त केली तरी वाचकाचा ब्राउझर जुनीच फाइल चालवत राही. दुरुस्ती झालेली असे, फक्त ती ज्याच्यासाठी केली त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसे!

४/
यावरचा तोडगा मोठा कल्पक होता. फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा, म्हणजे हॅश, काढायचा आणि तो नावातच गुंफायचा. एक अक्षर बदलले की नाव बदलते आणि ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते. २०११ च्या रेल्स ३.१ ने ही पद्धत रूढ केली. तेथे पान सर्व्हरच तयार करी, त्यामुळे नवे नावही तोच भरी.

५/
त्याच सुमारास जर्मनीत टोबियास कोपर्स यांना गूगल वेब टूलकिटमधली एक सोय जावास्क्रिप्टमध्ये हवी होती: सारा कोड एकदम न पाठवता तुकड्यातुकड्यांनी पाठवणे. २०१२ मध्ये त्यांनी वेबपॅक हा बंडलर लिहायला घेतला. २०१४ च्या ऑस्कॉन परिषदेत पीट हंट यांनी इन्स्टाग्रामचे संकेतस्थळ वेबपॅकवर कसे चालते ते सांगितले आणि या साधनाकडे अनेकांचे लक्ष वळले.

६/
आता पेच पुरता आवळला गेला. वेबपॅक प्रत्येक बांधणीत नवी नावे घडवणार. पण त्या फाइलींना बोलावणारे पान मात्र स्थिर, हाताने लिहिलेले. नाव बदलायचे राहिले तर ब्राउझर अस्तित्वात नसलेली फाइल मागणार आणि वापरणाऱ्यासमोर कोरा पांढरा पडदा येणार.

७/
२०१४ मध्येच आलेल्या एचटीएमएल-वेबपॅक-प्लगिनने हा पेच सोडवला. बांधणी संपत आली की कोणत्या फाइली तयार झाल्या, याची यादी वेबपॅकपाशी असते. प्लगिन ती वाचते, स्क्रिप्ट आणि स्टाइलचे टॅग रचते आणि बाकीच्या फाइलींशेजारी पान लिहून ठेवते. साचा दिला तर त्यात टॅग भरते. न दिल्यास स्वतःचे साधे पान बनवते, ज्याचे शीर्षक असते ‘वेबपॅक ॲप’. (हे शीर्षक बदलायला विसरलेले विकासक काही थोडे नाहीत.) एक पथ्य मात्र उरतेच: पानाचे स्वतःचे नाव बदलत नसल्याने, ते दीर्घकाळ कॅशेत ठेवायचे नाही. ठेवले, तर सारा खटाटोप व्यर्थ.

८/
मग वारे उलटे फिरले. २०१७ च्या पार्सेलने एचटीएमएल पानापासूनच बांधणी सुरू करण्याची मुभा दिली. २०२० मध्ये इव्हान यू यांच्या व्हीटनेही तोच मार्ग धरला. पान पुन्हा माणसाने लिहायचे, त्यात मूळ फाइलचे साधे नाव द्यायचे. ठसा असलेले नाव त्या जागी घालण्याचे काम आजही यंत्राकडेच आहे.