उकिरडा ते सोयापेंड

आपल्या बीडकडं गावरान कोंबडीला वेगळं खाद्य कोण घालायचं? मूठभर ज्वारी टाकली की झालं. ज्वारीत लायसिन कमी, पण ती कसर उकिरड्यातल्या किडे-अळ्यांतून निघायची.

१९७१ला डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. पुढं पिंजऱ्यातली लेअर सगळीकडं पोचली. तिला उकिरडा कुठला! एका अंड्यात सहा-एक ग्रॅम प्रथिन, ते सगळं खाद्यातूनच द्यायचं. आधी शेंगदाणा पेंड होती, पण तिला बुरशीचं विष. १९६०ला इंग्लंडात लाखभर टर्की त्यानंच मेल्या. मग सोयापेंड आली. लायसिन भरपूर, पण मेथिओनिन तोकडं. हे अमिनो आम्ल म्युलरनं १९२२ला शोधलं. ते कमी पडलं की बाकीचं प्रथिन अंड्यात जात नाही. विष्ठेतून बाहेर पडतं, शेडात अमोनियाचा वास सुटतो. म्हणून नुसती पेंड वाढवून भागत नाही, कारखान्यातलं मेथिओनिन टाकावंच लागतं.

२०२१ला सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं. पोल्ट्रीवाले रडकुंडीला आले. केंद्रानं ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. वर नवा माल आला, भाव कोसळला. ज्याच्या रानात सोयाबीन अन् शेडात लेअर, त्यानं कुणाच्या बाजूनं बोलायचं? मेथिओनिन, लायसिन मापात टाकलं तर सोयापेंड थोडी कमी करता येते. शेड वाचतं. रानातल्या मालाचं काय, ते तुम्हीच सांगा.